तुमचं तुम्ही बघा

आमच्या भूलशास्त्र विभागाच्या वेळापत्रकात गुरुवारी दुपारी एक तास होता, स्वयंअध्ययनाचा. भूलतज्ज्ञ व्हायला मी गारगोटीहून कोल्हापुरात आले, तेव्हा पहिल्याच गुरुवारी विभागप्रमुख सरांनी त्याचा अर्थ समजावला. "तुम्ही आता शाळकरी पोरं नाही. मोठी माणसं आपलं आपण शिकतात. तेव्हा तुमचं तुम्ही बघा." एवढं सांगून ते आपल्या खासगी दवाखान्याकडे निघाले. पुढे तो तास असा काही फोफावला, की आठवड्यातले बाकीचे वारही त्याच्या पोटात गेले.

मी पुस्तकांचा फडशा पाडला. मोबाइलवर परदेशी डॉक्टरांचे पाठीतून भूल देण्याचे व्हिडिओ पाहिले. त्यातल्या पाठी कशा, मणके लांबूनही मोजता यावेत अशा. माझ्या वाट्याला आलेली पहिली पाठ शिरोलीच्या फौंड्रीत आयुष्य काढलेल्या एका काकांची होती. कमरेखालचा भाग बधिर करायचा, तर सुई दोन मणक्यांच्या मधून आत जायला हवी. माझी दर वेळी हाडावर आपटत होती. काकांनी बराच वेळ दात आवळून सोसलं. मग दाराशी फोनवर बोलत उभ्या असलेल्या सरांना त्यांनी हाक मारली.

"अवो पावणं, पोरगी शिकतीया, शिकू दे की. पण कुणीतरी दावा की हिला!"

सरांनी फोनवर हात ठेवला. "शिकतेय ती. आपलं आपण."

मला असा संताप आला, की सुई सरांच्याच हातात कोंबावीशी वाटली. पण काका ताटकळले होते, म्हणून मी पुन्हा मणके चाचपले. सुई गेली, पण कशीबशी.

माझ्या शेवटच्या वर्षी सर जिन्यावरून घसरले. घोटा मोडला, शस्त्रक्रिया लगेच करायला हवी होती. सर टेबलावर कण्हत कुशीवर वळले आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांची पाठ माझ्यासमोर आली.

"भूल तू देणार?"

"हो सर."

"शिकवलं कुणी तुला?"

"स्वयंअध्ययन, सर."

सर हळूच म्हणाले, "दुसरं कुणी नाही का?"

"सगळे पुण्याला गेलेत, कार्यशाळेला."

"कसल्या?"

"स्वयंअध्ययनाच्याच."

मग सर शिकवायला लागले. भिंतीकडे तोंड करून, घाईघाईनं, काहीही न वगळता. बोट कुठं टेकवायचं, सुईचं टोक डोक्याकडे किती कलवायचं, हाड लागलं तर जोर न करता मागं येऊन दिशा कशी बदलायची. इतकं सुंदर शिकवता येत होतं त्यांना! सुई पहिल्याच फटक्यात आत गेली.

"बघ," सर सुटकेचा श्वास टाकत म्हणाले, "शिकवलं की येतं!"

मला शिरोलीच्या काकांची पाठ आठवली आणि रडू फुटलं. तोंडाला मास्क होता म्हणून बरं.