राखेच्या अंगाला खणत होतो

लोणी देवकरच्या एका कारखान्यातून आमचा ट्रक भरलेलाच परत आला. ड्रायव्हरने चिठ्ठी पुढे केली. ‘माती जास्त. जळत नाही.’

मी पर्यावरण इंजिनिअर. इंदापूर तालुक्यातला एक जुना कचरा डेपो उकरून रिकामा करायचं काम आमच्या कंपनीकडे होतं. याला बायोमायनिंग म्हणतात. जुना ढीग खणायचा, वाळवायचा आणि ट्रॉमेलमधून, म्हणजे मोठ्या फिरत्या चाळणीतून काढायचा. बारीक माती खाली पडते, दगडविटा वेगळ्या होतात, लोखंड भंगारात जातं. उरतं ते प्लास्टिक, चिंध्या, रबर. ते आरडीएफ, कचऱ्यातून निघालेलं जळण. परवानगी असलेल्या बॉयलरमध्ये ते कोळशासोबत जाळतात.

संध्याकाळी कुलकर्णी सरांचा, आमच्या मॅनेजरांचा फोन आला.

“पुढचा ट्रक परत आला तर ते करार मोडतील. मग एवढं प्लास्टिक ठेवणार कुठे?”

“सर, चाळणी बदलून बघते.”

“बघू नका, करा.”

चाळणी बदलली. माती तेवढीच. तीन दिवस त्यातच गेले.

कुंपणाच्या तारेपलीकडे कमलमावशी बसलेल्या असायच्या. वीस वर्षं याच ढिगावर भंगार वेचून त्यांनी दोन मुली शिकवल्या होत्या. काम सुरू झालं त्या दिवशी मीच त्यांना बाहेर काढलं होतं. सेफ्टीचा नियम. चौथ्या दिवशी त्यांनी तारेपलीकडून हाक मारली.

“मॅडम, तुमी राखंत खांदताय.”

“म्हणजे?”

“ह्या अंगाला रोज पेटवायचे. जळायचं ते तवाच जळालं. आता हितं नुसती मातीच हाय.”

“मग जळण कुठे आहे?”

“लिंबाच्या अंगाला. तितं आमी बाया भाकरी खायचो. झाडाला झळ लागंल म्हणून मी कुणाला काडी लावू दिली न्हाय.”

मी त्यांना हेल्मेट, बूट, जॅकेट दिलं आणि आत घेतलं. दत्तूरावांनी, आमच्या पोकलेन ऑपरेटरने लिंबाच्या बाजूचा ढीग कापला. त्यांनी मशीन मागे घेतलं आणि तेही खाली उतरून बघत राहिले.

दोन पुरुष उंचीची भिंत उघडी पडली होती. तिच्यातून कोमट वाफ निघत होती. थरावर थर, प्रत्येकाचा रंग वेगळा. कॉलेजात मी नदीकाठचे थर वाचायला शिकले होते. इथे मला एक अक्षर लागेना.

मावशी लांबूनच बोट दाखवत वाचत गेल्या. “त्यो पांढरा पट्टा लग्नसराईचा, थर्माकोलच्या पत्रावळ्या. त्याच्याखाली डाळिंबाच्या जाळ्या, पेटीत घालत्यात त्या. काळं हाय त्या ठिबकच्या नळ्या. तवा त्या कुणी इकत घेत नव्हतं. आन् त्यो मातीचा थर, त्या साली ओढा वर आला हुता.”

दत्तूरावांनी एक पिशवी ओढून काढली. तिच्यावरचं दुकानाचं नाव अजून वाचता येत होतं. ते दुकान बंद होऊन जमाना झाला, असं ते म्हणाले. ती पिशवी हातात धरून मी पुन्हा भिंतीकडे पाहिलं. एका गावाने टाकून दिलेलं सगळं तिथे होतं, आणि ते क्रमाने माहीत असलेली बाई मी तारेबाहेर बसवली होती.

मातीचा थर बाजूला काढला. बाकीचा माल उन्हात पसरून वाळवला, दोनदा चाळला. ट्रकबरोबर मी स्वतः गेले, मावशींनाही नेलं. कारखान्याच्या केमिस्टने नमुना तपासला आणि मान हलवली. माल पास झाला.

बॉयलरला निळ्या काचेची लहान खिडकी असते, आतली आग बघायला. मावशींनी डोळा लावला. आत जाळ घुमत होता. पायाखालची लोखंडी जाळी थरथरत होती. मावशी खिडकीपासून हलेनात.

“ह्याला भंगारवाला हात लावत नव्हता,” त्या हळूच म्हणाल्या. “मी पायानं बाजूला सारायची. केवढी आग हुती ह्याच्यात.”

मला त्याच्या उष्णतेचे आकडे पाठ होते, पण त्यातली आग मीही पहिल्यांदाच बघत होते.

पुढचे ट्रक परत आले नाहीत. मावशी वर्गीकरणाच्या टीमच्या प्रमुख झाल्या. सर्व्हेच्या वेळी आम्ही ढिगात सहा ठिकाणी बोअर घेतले होते, म्हणजे खोल भोकं पाडून नमुने काढले होते, पण तिथे रोज येणाऱ्या माणसाला एकही प्रश्न विचारला नव्हता. आता नव्या साइटवर मी आधी वेचणाऱ्या बायकांना भेटते, मग बोअर घेते. बोअर घेतेच. मावशींनीच बजावलंय, “माझंबी चुकंल की कवातरी.”