बाबांचं जहाज आणि माझी चूल

"ह्या घरात माझ्या वस्तू जपणारं एकच माणूस आलंय गं, आणि नेमकं तेच तोंड उघडत नाही!"

हे माझे सासरे ओसरीवर सासूबाईंना सांगत होते. मी दाराआड चहाचा ट्रे धरून उभी. वाईट ऐकलं असतं तर रडून मोकळी झाले असते हो. पण कौतुक ऐकलं, आणि तिथेच माझा घात झाला! कसा, ते सांगते. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, कारण पुढे माझी कीव येईल.

मी मॉरिशसातल्या शमें ग्रेनिए गावची, शेतकऱ्याची मुलगी. लग्न होऊन व्हाकोआला आले त्याला चार महिने झाले होते. बाबा, म्हणजे माझे सासरे, सरकारी कचेरीत कारकून. दिवसभर फायली, आणि घरी आले की चाकू, तार, खिळे. विकतच्या खेळण्यांवर त्यांचा राग. म्हणायचे, "दुकानातलं खेळणं मोडतं आणि विसरतं. बापानं केलेलं मोडलं तरी लक्षात राहतं."

आमच्या ह्यांना लहानपणी त्यांनी सार्डिनच्या डब्याची बस करून दिली होती, बाटल्यांच्या बुचांची चाकं लावून. सव्वीस वर्षांचा हा माणूस, पण लग्नानंतर ह्यांनी मला आधी ती बस दाखवली, मग घर!

आता पाळी शेंडेफळाची. माझी नणंद शशी, वय वर्षं सहा. तिला बाबांनी जहाज कबूल केलं होतं. पणजोबा रत्नागिरीकडून ज्यात बसून आले तसं, तीन शिडांचं. गणपतीत आरास म्हणून मखराशेजारी ठेवायचं.

"तुम्ही कधी होडीत तरी बसलात का? म्हणे जहाज!" आई, म्हणजे सासूबाई, म्हणायच्या.

"पणजोबा बसले होते ना, पुरे आहे!"

जहाज व्हायचं होतं उसाच्या तुऱ्यांच्या काड्यांचं. ऊस तुऱ्यावर आला तेव्हा बाबा सें पिएरला जाऊन मळ्यांतून एकेक सरळ काडी निवडून आले होते. पण व्हाकोआचा हिवाळा तुम्हाला ठाऊक आहे. पाऊस, धुकं, पुन्हा पाऊस. वाळत घातलेला रुमालही आठवडाभर ओला. म्हणून काड्या सुकायला ठेवल्या कुठे? चुलीजवळच्या कोपऱ्यात. कचेरीतल्या फायलीच्या लाल फितीनं बांधून.

आणि मला हे कोणी सांगितलं? कोणीच नाही. मी तरी विचारलं का? छे! मी कधी काही विचारते का?

त्या सकाळी आई आणि शशी देवळात गेल्या होत्या, बाबा कचेरीत. आदल्या दिवशी ह्यांनी टोपलीभर चिनी पेरू तिखटमीठ लावून खाल्ले होते. पोटानं दंगा मांडलेला. आतून कण्हत म्हणाले, "सुमे, काहीतरी दे गं."

लाकडं ओलीचिंब. नुसता धूर! आणि कोपऱ्यात बघते तर वाळलेल्या काड्यांची जुडी. माझ्या माहेरी ह्याला एकच नाव, सरपण. मी फीत सोडली, काड्या कडाकडा मोडल्या आणि चुलीत सारल्या. अहाहा, काय जाळ झाला म्हणून सांगू! पेजही आईंनी करूनच ठेवलेली दिसली, फडताळात, झाकलेल्या पातेलीत. चांगली दाट, पांढरीशुभ्र. मीठ घालून गरम केली, ह्यांना पाजली. दुपारपर्यंत पोट ठिकाणावर. मी स्वतःवर फार खूश.

संध्याकाळी बाबा स्वयंपाकघरात शिरले आणि ओरडले, "माझ्या काड्या कुठायत?"

मागोमाग, "आणि शिडं चिकटवायची मानिओकच्या कंदाची खळ? पातेलीभर केली होती!"

हे दुसरं ऐकून मी हळूच ह्यांच्याकडे बघितलं.

तेव्हाच सांगायचं होतं. पण कानात ते वाक्य. वस्तू जपणारं एकच माणूस! शशी कोपऱ्यात बसून रडायला लागली, "आता माझं जहाज नाहीच!" आणि मी काय केलं? खाली मान घालून विचारलं, "भात वाढू का?"

मग सुरू झाला शोध.

"उंदीर!" आई म्हणाल्या. पिंजरा लागला. उंदीर काही आला नाही.

"आयो, बा, भूतबीत असेल!" हे म्हणाले.

तिसऱ्या दिवशी बाबांनी निकाल दिला. "बकरी. मादाम रोझची बकरी."

मादाम रोझ म्हणजे कुंपणापलीकडची शेजारीण. बाबांनी विचारताच तिनं कमरेवर हात ठेवले. "पा मो काब्री सा!" माझी बकरी नव्हेच ती! बकरीला ओढत आणून तिनं तिचं तोंडही उघडून दाखवलं. बकरी माझ्याकडे बघत होती. देवाशप्पथ, फक्त माझ्याकडे!

बाबा पडले कारकून. त्यांनी तक्रारीचा कागदच तयार केला आणि रात्री जेवताना वाचून दाखवला. "सदर बकरी वारंवार आगळीक करीत असून..." ती बकरी तुळशीच्या पानालाही कधी तोंड लावत नव्हती हो!

सकाळी तो कागद माझ्यापुढे आला. "सूनबाई, तू शांत माणूस. तूच नेऊन दे मादामला. तुझ्या हातून गेला की भांडण होणार नाही."

मी कागद घेतला. उंबऱ्यापर्यंत गेले. कुंपणापलीकडून बकरी म्हणाली, "बें."

आणि चार महिन्यांत पहिल्यांदा मी त्या घरात ओरडले. "बकरीनं नाही हो, बाबा! मी जाळल्या! मला वाटलं सरपण! बकरीला काही करू नका!"

मग आई पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. हे हसले. शशी तर टाळ्याच वाजवायला लागली, "वहिनी बोलली! वहिनी बोलली!"

बाबांनी खिशातून काहीतरी काढलं. ती लाल फीत. काड्या जाळताना मीच नीट गुंडाळून, गाठ मारून फडताळात ठेवलेली.

"त्याच रात्री सापडली," बाबा म्हणाले. "काड्या खाणारी बकरी असेल. पण फीत गुंडाळून ठेवणारी बकरी मी सबंध मॉरिशसात पाहिली नाही."

"तुम्हाला माहीत होतं? सगळ्यांना?"

"मग काय!" आई म्हणाल्या. "म्हटलं, आज बोलेल, उद्या बोलेल. बाई गं, तुझ्या तोंडून एक वाक्य काढायला आम्हाला भूत आणावं लागलं! शशी पहिल्या रात्री खरी रडली, मग तीही सामील."

"काड्यांचं काय," बाबा म्हणाले, "तुझ्या माहेरी रग्गड ऊस उभा आहे. रविवारी सगळे जाऊ. निवडायचं काम तुझं. आणि पुन्हा असं मनात ठेवायचं नाही. काय असेल ते सांगून टाकायचं."

इतकी माया! माझे डोळे भरून आले. इतके दिवस अडवलेलं तोंड एकदा उघडल्यावर मिटेना. ह्यांच्याकडे न बघता मी म्हटलं,

"मग बाबा, खळ पण नवी करावी लागेल. ती मी ह्यांना मीठ घालून पाजली."