हरीण सापडण्याआधीचे पेढे

"आपली गोळी लागली, तर मागंही आपणच जायचं. जेवण नंतर."

अवधूत शेलार हे वाक्य कुठंही वापरतो. ऑफिसात त्याच्या हाताखालच्या कुणी ब्रेकची टेस्ट बिघडवली आणि तशीच टाकून लंचला निघाला, की हे वाक्य. घरात नीलावहिनी भांडण अर्ध्यावर सोडून फोन घ्यायला उठल्या, तरी हेच. वहिनी म्हणतात, "मी हरीण नाही, आणि तुझा नेमही काही खास नाही." नेम खरंच खास नाही. पण ज्याच्यावर झाडली त्याला त्यानं कधी रानात तसंच सोडून दिलेलं मी तरी पाहिलेलं नाही.

मूळ भोरच्या अलीकडचा. तिकडं त्यानं बंदूक कधी हातात धरली नव्हती. इकडं मिशिगनात, नोव्हायला नोकरीला लागला तेव्हा शेजारच्या टेबलावर डेल नावाचा गोरा म्हातारा होता, त्यानं याला रानात नेलं. पहिलं वर्षभर डेलनं त्याला नुसतं बसवलं. बंदूक नाही, बोलणं नाही, थर्मासमधल्या कॉफीचा वास आला तरी ओरडा. डेल आता नाही. त्याची लोकरी टोपी अवधूतकडं आहे आणि तिचा त्याला फार गर्व आहे. कुणी हात लावलेला चालत नाही.

नोव्हायच्या उत्तरेला दोन तासांवर माझी सफरचंदाची बाग आहे. ती मी लावली तेव्हा आपलीच माणसं हसली होती. आता ऑक्टोबर लागला की तीच माणसं पोरंबाळं घेऊन येतात, टोपल्या भरतात, फोटो काढतात. काढू देत. माझ्या बागेमागं ओकचं रान आहे, त्याच्यापुढं कुंपण, आणि कुंपणापलीकडं बार्बराबाईंची जमीन. नवरा गेल्यापासून बाई आपल्या जमिनीत कुणाला शिकार करू देत नाहीत. नोव्हेंबरात त्या रानावर धुकं असं उतरतं की झाडं जागची हलून जवळ आल्यासारखी वाटतात. दर वर्षी हंगाम उघडतो तेव्हा आम्ही जुने दोस्त तिथं जमतो.

यंदा अनिका आली. सत्यजितची मुलगी, सतरा वर्षांची, जन्मानं मिशिगनची. पहिल्यांदा ती अवधूतला म्हणाली, "काका, मला शिकवाल का? बाबा विल से नो." बाबा नाही म्हणाला नाही. बाबाला कल्पना इतकी आवडली की तो सगळ्यांना सांगत सुटला. शिकवलं मात्र अवधूतनं. उन्हाळाभर माझ्या बागेच्या टोकाला कागदी ताटल्या लावून तिच्याकडून नेम धरून घेतला. त्याहून जास्त वेळ तिला बसवलं. डास चावत होते, पोरगी हलली नाही. "हरीण आडवं उभं राहील तेव्हाच," तो सांगायचा. "तोंड तुझ्याकडं असेल, नाही. पाठ तुझ्याकडं असेल, नाही. तिरकं असेल, तर आपण रिकाम्या हातानं घरी. रिकाम्या हाताला लाज नसते."

ठरलं होतं की त्या सकाळी लाकडी मचाणावर अनिका आणि अवधूत बसतील. सत्यजित फोनचा स्टँड घेऊन आला.

"अवध्या, तिची पहिली शिकार आहे यार. बापानं शूट करायला नको?"

मचाणावर दोघंच मावतात. अवधूतनं पोरीकडं पाहिलं, बापाकडं पाहिलं, आणि टोपी कानावर ओढून पलीकडच्या ओकखाली जाऊन बसला. बापाला कोण नाही म्हणणार.

धुकं विरत आलं तेव्हा एकच बार झाला. आणि त्याच्यामागोमाग सत्यजितची आरोळी, "लागली, लागली."

मी पोचलो तेव्हा जत्रा भरली होती. सत्यजित फोन धरून गवतात पळत होता. राजीव, आमच्या मराठी मंडळाचा अध्यक्ष, दुसऱ्या टोकाकडून धापा टाकत आला होता आणि त्याच्या शिकारीच्या केशरी जाकिटाच्या खिशातून पेढ्यांचा डबा निघाला. हो, पेढ्यांचा. पहिल्या शिकारीसाठी त्यानं आदल्या दिवशीच आणून ठेवला होता. गवतावर रक्त होतं, त्या रक्ताशेजारी पोरीला उभं करून तिच्या तोंडात पेढा घातला. मचाणावरून चालू झालेला व्हिडिओ तिथं पुरा झाला. मंडळाच्या ग्रुपवर गेला. तिथल्या तिथं अंगठे आणि फुलं पडायला लागली.

हरीण कुठं आहे, हे कुणी विचारलं नाही.

हरीण हाकेच्या अंतरावर गवतात बसलं होतं. नर होता, शिंगं चांगली पसरलेली. पेढ्यांचा गलका ऐकून तो उठला, पाठ वाकवून, मागचे पाय ताठ टाकत, आणि ओकच्या रानात शिरला. आम्ही सगळ्यांनी पाहिलं. राजीवच्या हातात अर्धा पेढा होता.

अवधूत आला. गुडघ्यावर बसला, रक्त बोटावर घेतलं, नाकाशी नेलं. काळपट होतं, आणि त्यात चावलेल्या गवताचा चोथा.

"पोटात," तो म्हणाला. "तुम्ही शांत बसला असतात तर तो इथंच संपला असता. आता तो मरेल, पण सावकाश मरेल, आणि लांब मरेल." मग अनिकाकडं वळला. "तुला काय सांगितलं होतं? आडवं उभं होतं का?"

"नाही काका."

"मग?"

पेढा तिच्या गालात तसाच होता, गिळवत नव्हता. "सॉरी काका," एवढंच म्हणाली. आपल्या बाजूनं एक शब्द नाही. अवधूत तिला बरंच बोलला, सगळ्यांदेखत. मला ते आवडलं नाही, पण मीही थांबवलं नाही.

पोटात गोळी लागलेल्या हरणामागं लगेच जायचं नसतं. जितकं मागं लागाल तितकं ते पळतं. म्हणून आम्ही माझ्या ओट्यावर थांबलो. राजीवनं घरून आणलेली मिसळ गरम केली. अवधूतनं ताट सरकवलं. अनिकानंही. शेजारी राजीव ग्रुपवरचा व्हिडिओ मोठ्या आवाजात पुन्हा लावून बसला होता, आणि तेव्हा ते सगळ्यांना ऐकू आलं. गोळी सुटायच्या आधीचा, कुजबुजता, सत्यजितचा आवाज. "मार. मार ना. जाईल तो." मग पोरीचा आवाज, "नॉट येट, बाबा." मग पुन्हा, "अगं मार."

अवधूत सत्यजितकडं वळला.

"सत्या, हा तुझा आवाज आहे?"

"अरे एक्साइटमेंट यार. तू पण ना."

"मी या पोरीला तासभर झापलं. तू समोर बसून मिसळ खात होतास."

सत्यजित हसला. हसण्यासारखं काय होतं ते त्यालाच माहीत. अवधूत अनिकाला म्हणाला, "बाळा, माझं चुकलं." ती म्हणाली, "बट आय पुल्ड द ट्रिगर, काका." आणि उठून आत गेली.

दुपारी माग काढला. थेंब थेंब रक्त ओकच्या पानांवरून कुंपणाशी गेलं आणि कुंपणापलीकडं. परवानगीशिवाय दुसऱ्याच्या जमिनीत पाय टाकायचा नाही, हा इथला कायदा आहे आणि शेजारधर्मही. बार्बराबाई बहिणीकडं गेल्या होत्या. फोनवर म्हणाल्या, चारच्या सुमाराला येते, आल्यावर बोलू. असल्या गोष्टीचं उत्तर त्या फोनवर देत नाहीत.

संध्याकाळी मंडळाचा दिवाळीचा कार्यक्रम होता. राजीवनं घड्याळ दाखवायला सुरुवात केली. त्यानं ग्रुपवर जाहीरही करून टाकलं होतं, की आज स्टेजवर अनिकाचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार.

"कशाबद्दल?" अवधूतनं विचारलं.

"फर्स्ट मराठी गर्ल फ्रॉम अवर मंडळ, यार. इन्स्पिरेशन आहे."

"हरीण तिथं तडफडतंय आणि तू नारळ देणार."

"अवध्या, एक हरीण आहे. हायवेवर रोज मरतात, गाडीखाली."

"त्यांचे पेढे वाटले होतेस?"

सत्यजित मध्ये पडला. "रानातले कायोटी कोल्हे खातील त्याला. निसर्गात वाया काही जात नाही."

"कायोटीनं गोळी घातली नव्हती," अवधूत म्हणाला.

इतकी वर्षं मी या माणसांबरोबर बसलो, जेवलो. त्या दुपारी मला त्यांची चीड आली आणि ती अजून गेलेली नाही. राग चुकीच्या गोळीचा नाही. गोळी कुणाचीही चुकते. राग याचा, की कौतुक आधी पोचवून झालं होतं, त्यामुळं हरणाची कुणाला गरजच उरली नव्हती.

"अनिका, कारमध्ये बस," सत्यजित म्हणाला.

ती बसली. बापानं सांगितलं की बसायचं, एवढं तिच्या अंगात मुरलं होतं. खिडकीत तिचं खाली घातलेलं डोकं दिसत होतं, फोनवर काहीतरी लिहीत होती. पुढच्या गाडीत राजीव होता. त्याचा फोन वाजला, त्यानं वाचलं, आणि काच खाली करून ओरडला, "सत्या, हिनं ग्रुपवर काय टाकलंय बघ."

तिनं लिहिलं होतं, हरीण सापडलेलं नाही, माझी गोळी चुकीची लागली आहे, प्लीज अभिनंदन करू नका.

राजीव ग्रुपचा ॲडमिन. त्यानं तो मेसेज डिलीट केला. माझ्या देखत, अंगठ्यानं, डास मारावा तसा.

मागच्या गाडीचं दार उघडलं. अनिका उतरली. केशरी जाकीट अंगात चढवत ती अवधूतजवळ येऊन उभी राहिली. बाप गाडीतून म्हणाला, "अनिका, आय ॲम नॉट जोकिंग." ती म्हणाली, "मी पण नाही, बाबा." राजीव निघून गेला, स्टेज वाट पाहत होतं. सत्यजित गाडीत हीटर लावून बसून राहिला.

चारला बार्बराबाई आल्या. अनिकानं स्वतः त्यांच्या दारात जाऊन विचारलं. बाईंनी तिचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, जा, पण बंदूक माझ्या रानात न्यायची नाही. दार लावताना मान हलवत होत्या.

उजेड थोडाच उरला होता. अवधूत म्हणाला, पोटात लागलेलं हरीण पाण्याकडं जातं, खाली दलदलीकडं चला. आम्ही खाली गेलो. दलदलीच्या काठाला काही नाही. बर्फाची पापडी अखंड होती. अवधूतनं इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं, टोपी काढून पुन्हा घातली. तेव्हा वरून अनिकाची हाक आली. ती खाली आलीच नव्हती. शेवटच्या थेंबाशी उकिडवी बसून राहिली होती, आणि तिथून हातभर वर, पाईनकडं चढणाऱ्या वाटेवर, पानाच्या खालच्या अंगाला पुसलेलं रक्त तिला दिसलं होतं.

"काका, तो वर गेला."

"वर कशाला जाईल?"

"माहीत नाही. बट ही डिड."

वर पाईनच्या सावलीत तो पडला होता, मान पोटाकडं वळवलेली. मेला होता, फार वेळ झाला नव्हता, अंग कोमट होतं. अनिका त्याच्याजवळ बसली आणि त्याच्या कानामागं हात ठेवून राहिली. मग अवधूतनं सुरी तिच्या हातात दिली, कुठून कापायचं ते बोटानं दाखवलं, आणि पोट तिनं स्वतः साफ केलं. वास भयंकर होता. ती एकदा बाजूला जाऊन ओकली आणि परत येऊन बसली.

आम्ही ओढत आणला. कुंपणाशी एक टॉर्च हलत होता. सत्यजित होता. कार्यक्रम सोडून थांबला होता, पण कुंपण ओलांडायचं धाडस झालं नव्हतं. त्यानं टॉर्च खिशात घातला, एक शिंग धरलं आणि ओढायला लागला. कुणी त्याला शाबासकी दिली नाही, आणि त्यानं मागितलीही नाही.

रात्री थंडीत तो नर माझ्या अक्रोडाला टांगला.

सकाळी अवधूत आणि अनिका त्याला सोलत होते तेव्हा राजीवची गाडी आली. आदल्या रात्री त्यानं स्टेजवरून अनिकाची शिकार जाहीर केली होती, ती नसताना, आणि हॉलनं टाळ्या वाजवल्या होत्या. आता हातात शाल होती, नारळ होता, आणि पेढ्यांचा नवा डबा.

"तर, सापडलं ना शेवटी," तो म्हणाला. "ऑल्स वेल. चला, एक फोटो. अवध्या, गुरू म्हणून तू मध्ये."

अनिका कोपरापर्यंत रक्तानं माखली होती. "नको काका," ती म्हणाली, "माझे हात खराब आहेत."

"हात धुऊन ये ना बेटा."

"काम झालं नाहीये."

अवधूतनं मागच्या मांडीचा एक फरा सांध्यातून सोडवला होता. तो त्यानं स्वच्छ पांढऱ्या कापडात गुंडाळला. त्याच्या गावाकडं रीत आहे, ज्याच्या रानात जनावर पडलं त्याचा वाटा पहिला, मग मारणाऱ्याचा, मग बाकीच्यांचा. बंदूक न धरता वाढलेल्या माणसाला तेवढी रीत मात्र पक्की माहीत होती.

"हा बार्बराबाईंचा," तो म्हणाला. सुरी अनिकाकडं दिली. "उरलेलं तू काप. सांधा शोधायचा, हाडाशी भांडायचं नाही."

"आणि मंडळाचा वाटा?" राजीव हसत म्हणाला. विनोद करून वेळ निभावायची त्याला सवय आहे.

"मंडळानं पेढे खाल्ले," अवधूत म्हणाला.

फरा खांद्यावर टाकून तो निघाला. सफरचंदाच्या उघड्या फांद्यांमधून, पांढऱ्या दहिवरावर काळी पावलं उमटवत, डेलची टोपी कानावर ओढून. मागं वळला नाही. राजीव शाल हातावर घेऊन पाहत राहिला, नारळ कुठं ठेवावा हे त्याला सुचत नव्हतं. सत्यजित पाहत होता, हात खिशात. मी ओट्यावरून पाहत होतो. अनिकानं तो कुंपणाचं फाटक उघडून पलीकडं जाईपर्यंत पाहिलं, मग मनगटानं डोळे पुसले, आणि दुसऱ्या फऱ्यात सांधा शोधायला लागली.