तात्यांनी रंगवलेली मागची खिडकी

पेंटरतात्या कशाचंही चित्र काढण्याआधी त्याच्याभोवती एक पूर्ण फेरी मारत. मग ते पाण्याचं पिंप असो नाहीतर समोर बसलेला माणूस. त्यांची बायको, म्हणजे आमच्या काकी, पापलेटं साफ करायला बसल्या की त्यांच्याभोवतीही फिरत. "देव्हाऱ्यात बसवा मला, मग घाला प्रदक्षिणा," काकी करवादत.

परळच्या आमच्या चाळीत ते तळमजल्यावर राहत. जन्मभर त्यांनी दुकानांचे बोर्ड रंगवले. पुढे फ्लेक्स आले आणि बोर्ड गेले. मंडळाच्या गणपतीमागचा पडदा तेवढा दरवर्षी त्यांच्या हातचा असे.

त्यांच्याकडे फुटपाथवर मिळालेलं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक होतं. शंभरेक वर्षांपूर्वी युरोपातल्या चित्रकारांनी जी बंडं केली, त्यांचं. तात्यांना इंग्रजी येत नव्हतं आणि मी चित्रकलेच्या कॉलेजात होते, म्हणून दर रविवारी मी ते वाचून मराठीत सांगायची. एका चित्रात बाईचा चेहरा चक्क हिरवा होता. त्या पंथाला फोव्हिझम, म्हणजे रानटी जनावरांचा पंथ, का म्हणतात यावर मी बराच वेळ बोलले. तात्या म्हणाले, "रागावलेल्या माणसाचा तोंड कधी कातडीच्या रंगाचा असता काय?" विषय संपला.

क्युबिझमच्या प्रकरणाला तर ते मांडी ठोकून हसले. "एकच वस्तू सगळ्या बाजूंनी, एकाच वेळी? म्हणजे मी येडो नाय तर! एका बाजून बघलंस तर नुसती भिंत दिसता गो. घर बघूचा असात तर भोवती फिराक व्हया." हेच वाक्य मी शुद्ध मराठीत परीक्षेत लिहिलं. सरांनी ते वर्गात वाचून दाखवलं. कुणाचं आहे, हे मी सांगितलं नाही.

चाळ पाडून टॉवर उठणार असं ठरलं, तेव्हा शेवटच्या गणपतीला पडद्यावर आपली चाळच हवी असं सगळ्यांचं म्हणणं पडलं. तात्या आठवडाभर चाळीभोवती फिरले. पडदा उघडला तेव्हा पुढची गॅलरी, मागचे नळ, वरून दिसणारा जिना, सगळं एकमेकांत घुसलेलं होतं. माणसं गोंधळली. फक्त आई पुढे झाली. "अगो, ही आपली मागची खिडकी. तुळशीचा डबा पण घातल्यानी हा!"

मंडळाचे अध्यक्ष माझ्याकडे वळले. "तू कॉलेजात शिकतेस. तूच सांग, हे बरोबर आहे का?"

माझ्याबरोबर कॉलेजातले तिघे सजावट बघायला आले होते. त्यातला एक हसून पुटपुटला, "पॅरिसची शिळी कढी." माझे कान तापले. ते चित्र किती चांगलं आहे, हे त्या अंगणात माझ्याइतकं कुणालाच कळत नव्हतं. तरी मी म्हणाले, "नाही. तात्यांना जमलेलं नाही हे."

तात्यांनी माझ्याकडे पाहिलं. स्वतःच डिस्टेंपरचा डबा आणून त्यांनी सगळा पडदा पांढरा केला. संध्याकाळी त्यावर चाळीच्या फोटोचा फ्लेक्स लागला, अगदी समोरून काढलेला. लोकांनी त्यापुढे सेल्फी काढले.

चाळ सोडायच्या दिवशी तात्या ते पुस्तक घेऊन आमच्या दारात आले. "तुका वाचूक येता. तूच ठेव." त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता, आणि मला तेच जास्त लागलं. मी पुस्तक घेतलं, पण माफी मागितली नाही. ते गावी गेले आणि दोन वर्षांत तिकडेच वारले.

आता मी मुलांना हाच विषय शिकवते. तात्यांचं वाक्य दरवर्षी सांगते, मुलं ते वहीत उतरवून घेतात, आणि ते कुणाचं, हे मी अजूनही सांगत नाही. लाज वाटते, दुसरं काय.

टॉवरच्या लॉबीत तो फ्लेक्सवालाच फोटो मोठा करून लावलाय. परवा त्याच्यासमोर उभी राहून आईने विचारलं, "गो, आपल्या मागच्या खिडकीक गज किती होते? चार की पाच?"

मला आठवेना. फोटोत खिडकी नव्हतीच. जिथे होती, तो पडदा मीच पांढरा करायला लावला होता.