लिस्बन ते व्हिएन्ना

सुफियान मुकादम मूळचे राजापूरचे. दोह्यातल्या एका ट्रॅव्हल ऑफिसात ते बावीस वर्षं तिकिटं काढतायत. युरोपातल्या कुठल्याही दोन शहरांची नावं घ्या, अंतर आणि विमानाचा वेळ ते कॉम्प्युटर न बघता सांगतात. स्वतः मात्र ते युरोपला कधी गेले नाहीत. पोरी गेल्या. थोरली उजमा व्हिएन्नाला नर्स, धाकटी शफा लिस्बनला सॉफ्टवेअर कंपनीत.

दोघींचं चार वर्षं बोलणं नव्हतं. आई, रुकैया, आजारी पडली तेव्हा उजमा पाच महिने दोह्याजवळच्या उम्म सलालमधल्या घरी तिच्या उशाशी होती. शफाची परीक्षा होती. ती पोचली ती मय्यत झाल्यावर. उजमा सगळ्यांसमोर म्हणाली, "आता कशाला आलीस?" तेव्हापासून खलास.

सुफियान दोघींनाही फोनवर सांगत, "तेवीसशे किलोमीटर. साडेतीन तासांची फ्लाइट. मी तिकीट काढतो, तू फक्त हो म्हण."

"बघू अब्बा," शफा म्हणायची. उजमा विषयच बदलायची.

फेब्रुवारीतल्या एका सोमवारी सकाळी ऑफिसात फोन आला. उजमाच्या मैत्रिणीचा. उजमा ड्युटीवर कोसळली होती, मेंदूत रक्तस्राव. सुफियानना व्हिसा मिळायला पंधरा दिवस लागणार होते. त्यांनी शफाला उठवलं. ती एकच वाक्य बोलली, "अब्बा, पहिली मिळेल ती काढा."

थेट विमान भरलेलं होतं. आयुष्यभर हजारो लोकांची तिकिटं काढलेल्या हातांना त्या दिवशी मुलीच्या नावाचं स्पेलिंग नीट टाइप होईना. शेवटी शेजारच्या टेबलावरच्या मालविकाताईंनी फ्रँकफर्टमार्गे तिकीट काढून दिलं.

शफा हॉस्पिटलात पोचली तेव्हा उजमाला जाऊन चाळीस मिनिटं झाली होती.

"हात अजून गरम आहे, अब्बा," ती फोनवर म्हणाली. "मी कुठल्याही शनिवारी येऊ शकले असते. कुठल्याही."

दफन तिकडेच झालं. सुफियाननी ते मोबाइलवर पाहिलं. माती देताना चित्र हलत होतं, कारण फोन शफाच्या हातात होता.

महिन्याभराने शफा बापाकडे आली. घरात दोघंच. तिसऱ्या दिवशी जेवताना तिने मान खाली घालून विचारलं, "ती माझ्याबद्दल कधी काही बोलायची?"

चार वर्षांत उजमाने बहिणीचं नाव एकदाही घेतलं नव्हतं. सुफियान खोटं बोलणारा माणूस नव्हे.

"नेहमी विचारायची," ते म्हणाले. "शफा जेवते का वेळेवर, असं."

शफाने त्यांच्याकडे पाहिलं. तिला कळलं होतं. ती उठली, आणि त्यांच्या ताटात आणखी थोडा भात वाढला.