काचेवरचा कागद

आमच्या चुडाव्यात आजही कुणाच्या सुनेला माहेरी हाकलायची भाषा निघाली, की बायका आधी छबूवहिनीला बोलावून आणतात. छबूबाई माझी भावजय. ती लग्न होऊन आली तेव्हा मी पंधरा वर्षांची होते आणि पूर्णपणे आईच्या बाजूची होते. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मला कुणी शहाणी समजणार नाही.

लग्नाच्या बैठकीत हुंड्यात टीव्ही ठरला होता, तोही रंगीत. वहिनीचे वडील वैजीनाथमामा पिंगळीचे. कोरडवाहू तुकड्यावर भागेना म्हणून दिवाळीनंतर ऊसतोडीला जायचे. त्या टीव्हीसाठी नवरा-बायको दोन हंगाम फडावर राबले. शहरातल्या एका दुकानदारानं त्यांच्या गळ्यात काळा-पांढरा संच मारला, काचेवर तीन पट्ट्यांचा प्लास्टिकचा कागद चिकटवला, वर निळा, मध्ये तांबडा, खाली हिरवा, आणि सांगितलं, झाला रंगीत. मामांनी तोवर टीव्ही जवळून पाहिलाच नव्हता. कागद लावला की रंग येतो, यावर त्यांचा मनापासून विश्वास बसला. मांडवात तो संच त्यांनी स्वतः उचलून आणला, कुणाला हात लावू दिला नाही.

आमच्या घरात मात्र पहिल्याच संध्याकाळी बिंग फुटलं. वडील नव्हते, घरात कमलबाईचा, म्हणजे माझ्या आईचा शब्द चालायचा. तिनं पुढचे चार महिने वहिनीला सुखाचा घास गिळू दिला नाही. भाऊ बन्सीधर मूग गिळून बसलेला. गल्लीत दुसरा टीव्ही नव्हता, त्यामुळे रोज संध्याकाळी सगळी गल्ली आमच्या ओसरीत जमायची आणि पाहून झालं की नावं ठेवायची.

भाद्रपदात मामांचा निरोप आला, लेकीला भेटायला येतो. आईनं लगेच बेत रचला. चारचौघांत व्याह्याला त्याचा टीव्ही दाखवायचा आणि सकाळच्या गाडीनं लेक त्याच्यासोबत लावून द्यायची. खरा रंगीत आणल्याशिवाय तिनं परत यायचं नाही. वहिनीला सकाळीच लुगडी बांधून ठेवायला सांगितलं. ती भाकरी थापत राहिली.

त्या दिवशी विद्यापीठाच्या नामांतराचा मोर्चा होता, एसट्या बंद. मामा पॅसेंजरनं दिवेलागणीला पोचले, पिशवीत भुईमुगाच्या शेंगा घेऊन. ओसरी माणसांनी भरली होती. त्यांना कुणी बसा म्हटलं नाही. ते उंबऱ्याशी उभे राहिले.

शेतीचा कार्यक्रम लागला. निळ्या शिंगांचे, तांबड्या पोटाचे, हिरव्या पायांचे बैल चालू लागले.

"व्याही, तुमच्या पिंगळीला असलेच बैल असतेत का?" आईनं विचारलं.

ओसरी खदखदून हसली. सगळ्यात जास्त मी हसले. मामा एकदा टीव्हीकडे, एकदा लोकांकडे बघत होते. आपण फसलो, हे त्यांना त्या क्षणी कळलं. त्यांचा तो चेहरा आठवला की मला आजही स्वतःची लाज वाटते. मग बातम्या लागल्या. बातम्या देणाऱ्या बाईचे केस निळे, हनुवटी हिरवी. पुन्हा हशा. वहिनी स्वयंपाकघराच्या दाराआडून सगळं ऐकत होती.

मालिका सुरू झाली तशी गल्ली गप्प झाली. खून कुणी केला, ते आज कळणार होतं. मध्येच जाहिराती लागल्या आणि आईनं संधी साधली. लेकीला सकाळी घेऊन जा, रंगीत टीव्हीसकटच परत आणा, असं तिनं सगळ्यांदेखत सुनावलं. मामांनी हात जोडायला सुरुवात केली होती.

तेवढ्यात वहिनी बाहेर आली. पिठाच्या हातांनी तिनं कागदाची कड धरली आणि तो टर्रकन ओढून काढला. मग टीव्ही बंद करून तारही उपसली.

"बाबा, हात खाली करा," ती म्हणाली. मग आईकडे वळली. "हा संच माझ्या बापाच्या घामाचा हाय. सकाळच्या गाडीनं ह्यो जाईल. मी न्हाई जायची. मी ह्या घरात टीव्हीवर बसून आले न्हाई. रंगीत पायजे तर तुमच्या लेकानं कमवून आणावा."

आई उठली. आधी शेजारचा आश्रुबा बोलला, घाबरत घाबरत. टीव्ही उद्या खुशाल न्या, पण खून कुणी केला तेवढं बघू द्या, असं त्याचं म्हणणं. मग बाकीचेही पुटपुटू लागले.

"लावते," वहिनी म्हणाली. "आधी माझ्या बापाला बसा म्हना."

हे तिनं आश्रुबाला सांगितलं नाही, आईला सांगितलं. सगळी गल्ली आईकडे बघू लागली. मगाशी आईच्या बाजूनं हसलेली हीच माणसं. बन्सीदादा उठला, घोंगडी आणून टीव्हीसमोर अंथरली आणि आईकडे न बघता बाजूला झाला. लग्नानंतर त्यानं केलेलं ते पहिलं शहाणपणाचं काम.

"बसा, व्याही," आई शेवटी म्हणाली.

मामा बसले. वहिनीनं तार खोचली, बटण दाबलं. चित्र उमटलं, नुसतं काळं-पांढरं. माणसांचे चेहरे माणसांसारखे दिसत होते, डोळ्यांतलं पाणीसुद्धा कळत होतं. खुनी सापडला, गाणी सुरू झाली, तरी कुणी उठेना.

"आता नीट दिसायलंय," आई स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली.

"पयल्यापासून नीटच व्हतं, आत्याबाई," वहिनी म्हणाली आणि सासूच्या पुढ्यात, बापाच्या शेजारी घोंगडीवर बसली.