दहाव्या ओळीतलं नाव

काल टाकानिनी उपनगरातल्या माझ्या घरात कपाट आवरताना कुंकवाचा करंडा उपडा झाला, गालिचा लालभडक झाला आणि मी मनाने थेट वेलिंग्टनच्या माझ्या जुन्या कॉलेजात जाऊन पडले.

तिथला वारा असा, की तेव्हा उडालेली माझी ओढणी अजून ऑस्ट्रेलियात उतरली नसेल. अमेरिकेहून आलेली केली तिथे सोरॉरिटी काढत होती, म्हणजे मानलेल्या बहिणींचं मंडळ. नोंदणीला दहा जणी हव्या होत्या, जमल्या होत्या नऊ. आईने गावाकडून फोनवर बजावलं होतं, "मंडळं इथे काय कमी होती? अभ्यास कर!" मी नाही म्हणायलाच गेले होते.

केली मेणबत्तीवर शपथ देणार होती. खिडकीतून येणाऱ्या वाऱ्याने ती मेणबत्ती तीनशे वेळा विझली. "अगं, बहिणी व्हायला काडेपेटी कशाला?" म्हणत मी पर्समधला करंडा काढला आणि नऊही कपाळांवर कुंकू लावलं.

"हे जाईल ना धुतल्यावर?" केली घाबरली.

"सात जन्मांनी!"

शेवटची होती आरोहा, ताडमाड माओरी मुलगी. "आणि तुझं कपाळ?"

"हळदीकुंकवात आपलं आपण नाही लावत."

ती वाकली. त्यांच्या रीतीप्रमाणे तिने नाकाला नाक, कपाळाला कपाळ टेकवलं. तिचं कुंकू माझ्या कपाळावर उमटलं.

नाही म्हणायचं मी विसरूनच गेले. नोंदणीच्या कागदावर दहाव्या ओळीत मी ठसठशीत नाव लिहिलं आणि ते कपाळ न धुता तीन दिवस मिरवलं. तुम्ही तीन आठवडे म्हणा, मी अडवणार नाही.